कसे आहे? कुणाचे आहे? : ठाणे-कल्याणच्या हॉटेलांचा एक इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि सनावळ्या येतात. पण माणसाला पोटही असते आणि पोटालाही इतिहास असतो. कोण कुणाच्या घरी जेवला, कुणी कुणाच्या हातचे पाणी घेतले, कुणाला ताटात वाढले आणि कुणाला लांबून पानावर टाकले, या नोंदी बखरीत सापडत नाहीत. समाज कसा जगला हे मात्र लढायांपेक्षा याच गोष्टींवरून अधिक कळते.

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात आम्ही राहतो. शाळेच्या निमित्ताने रोज लोकलने हिंडतो. डब्यात, स्टाफरूममध्ये, मशिदीबाहेरच्या बाकावर हॉटेलांची चर्चा आम्ही नेहमी ऐकतो. अमक्या ठिकाणची मिसळ, तमक्या नाक्यावरची बिर्याणी, स्टेशनबाहेरचा वडापाव. या चर्चेत दोन प्रश्न हमखास येतात. पहिला, "कसे आहे?" आणि दुसरा, थोड्या खालच्या आवाजात, "कुणाचे आहे?" पहिला प्रश्न जिभेचा. दुसरा जातीचा, धर्माचा, विश्वासाचा आणि कधी कधी भीतीचाही. आपल्या भागातील हॉटेलांचा इतिहास म्हणजे या दोन प्रश्नांच्या झटापटीचा इतिहास आहे, असे आम्हाला वाटते.

बंदर आणि दस्तरखान

कल्याण हे फार जुने बंदर. ग्रीक खलाशांच्या प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे, कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत आहे. ठाणे तर उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल मसूदी या किनाऱ्यावर आला. सैमूर म्हणजे आजच्या चौल येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे त्याने लिहून ठेवले. त्यांपैकी अनेक जण इथेच जन्मलेले होते. म्हणजे कोकणी मुसलमान हा कुणाच्या फौजेबरोबर आलेला पाहुणा नव्हे. व्यापाराच्या गलबतांतून आलेली आणि इथल्या मातीत मिसळलेली ही वस्ती हजार वर्षांहून जुनी आहे. ठाण्याजवळचे घोडबंदर हे नाव अरबी घोड्यांच्या व्यापाराची आठवण अजून सांगते. आज त्याच घोडबंदर रस्त्यावर मॉल आणि वातानुकूलित रेस्टॉरंटांच्या रांगा आहेत, हा काळाचा विनोद.

बंदरात माणसे येतात आणि माणसांना भूक लागते. पण शिजवलेले अन्न पैसे देऊन विकत घ्यायचे ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा रुजली. वाटसरू हिंदू असेल तर धर्मशाळेत उतरायचा आणि चूल मांडून स्वतः रांधायचा, किंवा जातभाईच्या घरी जेवायचा. मुसलमान असेल तर मशीद, दर्गा किंवा मुसाफिरखाना. मुसलमानांत एका दस्तरखानावर, एका ताटातूनही जेवण्याची रीत होती. त्यामुळे आपसात अडचण कमी होती. वेगळ्या धर्माच्या दोन माणसांनी मात्र शेजारी बसून, एकाच चुलीवरचे अन्न पैसे मोजून खाणे जवळजवळ अशक्य होते.

याच बंदराने आणखी एक गोष्ट दिली. सोळाव्या शतकात ठाणे पोर्तुगीजांच्या हाती गेले आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ते जिंकून घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिले. बटाटा, मिरची आणि पाव या तिन्ही गोष्टी आपल्या देशात पोर्तुगीजांनी आणल्या. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दही त्यांचेच. ज्या वडापावला आज अस्सल मराठी म्हणतात, त्याचे सामान असे सातासमुद्रापलीकडून आलेले आहे. हे सांगण्यात वडापावचा अपमान नाही. जे आपण आपले मानले ते आपले झाले, एवढाच त्याचा अर्थ. माणसांनाही हाच न्याय लावता आला असता तर बरे झाले असते!

रेल्वे आणि दोन प्रकारचे पाणी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. चौतीस किलोमीटरचे अंतर, चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, रुळ कल्याणला पोहोचले. कल्याणहून एक फाटा कसाऱ्याच्या घाटाकडे गेला, दुसरा कर्जतकडे. कल्याण जंक्शन झाले.

रेल्वेने जातिधर्माच्या भिंतींना पहिला धक्का दिला. डबा तिकिटाच्या दराप्रमाणे मिळे, जातीप्रमाणे नव्हे. एका बाकावर कोण बसेल हे सांगता येत नसे. पण पोटाच्या बाबतीत भिंती राहिल्या. मोठ्या स्थानकांवर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' अशा वेगळ्या घागरी असत, पाणी पाजणारेही वेगळे. पुढे चहा आला तेव्हा 'हिंदू चाय' आणि 'मुसलमान चाय' अशा आरोळ्या फलाटावर घुमू लागल्या. चहाचे पान एकाच मळ्यातले, साखर एकाच कारखान्यातली, पाणी एकाच विहिरीचे. किटली मात्र धर्माची.

याबाबत एक आठवण सांगितली पाहिजे. आझाद हिंद फौजेच्या सैनिकांवर १९४५-४६ च्या सुमारास दिल्लीच्या लाल किल्ल्यात खटले चालले. गांधीजी त्यांना भेटायला गेले असता सैनिकांनी तक्रार केली, की आम्हाला इथे हिंदू चहा आणि मुसलमान चहा वेगळा दिला जातो. मग तुम्ही काय करता, असे विचारल्यावर ते म्हणाले, आम्ही दोन्ही अर्धा-अर्धा मिसळून पितो. आपल्या देशातल्या जातीय सलोख्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिले गेले. त्या सर्वांचे सार या एका कपात मावते.

हॉटेल या शब्दाचा मराठी अवतार

इंग्रजीत हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा. मराठीत हॉटेल म्हणजे चहा-भजी मिळते ती जागा. या बदलामागे चहा आहे. १९०३ मध्ये सरकारने चहावर उपकर बसवला. त्या पैशातून मळेवाल्यांनी देशभर चहाचा प्रचार केला. स्थानके, गिरण्या, बाजार येथे चहाची दुकाने निघाली. त्याच काळात इराणहून, यझ्द आणि केरमानकडून आलेल्या लोकांनी मुंबईत चहाची हॉटेले थाटली. काही पारशी धर्माचे होते, काही शिया मुसलमान. कयानी १९०४ चे, ब्रिटानिया १९२३ चे. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि पानी कम चाय. एक कप चहा घेऊन तास-तासभर बसायची मुभा. इराण्याच्या टेबलावर गिरणी कामगार, वकील, विद्यार्थी, नाटकवाले आणि हमाल शेजारी-शेजारी बसले. इराणी ना ब्राह्मण होता ना मराठा, ना कोकणी ना मोमीन. "कुणाचे आहे?" या प्रश्नाला "इराण्याचे" हे उत्तर पुरत असे.

दुसऱ्या बाजूला 'हिंदू विश्रांतिगृह', 'ब्राह्मणी खाणावळ' अशा पाट्याही होत्या. १ मे १९३३ रोजी रत्नागिरीत सावरकरांनी 'अखिल हिंदू उपाहारगृह' काढले. तिथे तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या हातून चहा दिला जाई आणि भेटायला येणाऱ्याला आधी तो घ्यावा लागे. जातीची भिंत पाडणारी ही धाडसी गोष्ट होती, हे मान्य करायलाच हवे. पण पाटीवर 'हिंदू' हा शब्दही होता, हेही नोंदवायला हवे. एक भिंत पाडताना दुसरी जागच्या जागी राहिली. खरा दरवाजा उघडला तो राज्यघटनेने. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तिथे कुणालाही अटकाव करता येणार नाही. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता अपराध कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून हॉटेलात प्रवेश नाकारणे, तिथली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. घटना लिहिणाऱ्यांनी एवढ्या मोठ्या ग्रंथात हॉटेलाचे नाव का घातले असावे? चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांना एका कपाची किंमत ठाऊक होती.

कचेरीच्या आवारातली मिसळ

आता आपल्या गावाकडे येऊ. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळ १९४६ पासून एक मिसळ मिळते. कचेरीचे उपाहारगृह म्हणून नरसिंह मुर्डेश्वर यांनी ते सुरू केले आणि पुढे लक्ष्मण मुर्डेश्वर यांनी नावारूपाला आणले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा सगळे ठाणे हळहळले. मुर्डेश्वर हे आडनाव उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या समुद्रकाठच्या गावाची आठवण देते. म्हणजे ठाण्याची ओळख झालेली ही झणझणीत मराठी मिसळ एका कन्नड मुलखाशी नाते सांगणाऱ्या घराण्याच्या हातची.

पण आम्हाला महत्त्वाची वाटते ती जागा. मामलेदार कचेरी म्हणजे सातबाराचा उतारा, वारस नोंद, दाखले. तिथे आगरी शेतकरी येतो, कोळी येतो, शहापूर-मुरबाडचा आदिवासी येतो, राबोडी-महागिरीचा मुसलमान येतो. कचेरीतल्या रांगेत सारे सारखेच ताटकळतात आणि भूक लागली की त्याच तर्रीत पाव बुडवतात. तिथे "कुणाचे आहे?" हा प्रश्न कुणाच्या तोंडून आम्ही ऐकला नाही. एकच प्रश्न असतो, "मीडियम की तिखट?"

कल्याणचा खिडकी वडा हीसुद्धा अशीच गोष्ट. वझे कुटुंबाने आपल्या घराच्या खिडकीतून वडे विकायला सुरुवात केली आणि पन्नास वर्षांहून अधिक काळ ते नाव टिकले. खिडकीची गंमत अशी, की ती घराचा आतला भाग आतच ठेवते आणि अन्न बाहेर देते. सोवळे-ओवळे ज्याचे त्याने सांभाळावे, वडा सर्वांचा. दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी १९६६ च्या सुमारास वडा पावात घालून विकला असे सांगतात. त्यानंतर हा पदार्थ लोकलबरोबर प्रत्येक स्थानकावर उतरला. ठाण्यातल्या गजानन वडापावची पिवळी चटणी आणि स्टेशनजवळच्या कुंजविहारचा भलामोठा वडा यांवर आमच्या स्टाफरूममध्ये आजही दोन तट आहेत. आमचा कौल चटणीला.

वडापावचे राजकारण झाले, त्याला पक्षाचा झेंडाही मिळाला. पण त्यातला पाव कुठून येतो? मुंबई-ठाण्याच्या कितीतरी बेकऱ्यांत रात्रभर भट्टीपुढे उभे राहणारे कारागीर उत्तर प्रदेशातून आलेले मुसलमान आहेत. पहाटेच्या अजानच्या वेळी पावाच्या लाद्या सायकलवरून बाहेर पडतात आणि सकाळच्या पहिल्या गाडीच्या वेळी त्यांत वडा बसतो. घास एकच असतो. तो दोन वस्त्यांत मिळून तयार झालेला असतो, एवढेच.

डोंबिवलीची पोळी, भिवंडीची बिस्सी

गिरगाव-दादरच्या चाळी अपुऱ्या पडू लागल्या तशी मध्यमवर्गीय मराठी कुटुंबे डोंबिवलीकडे सरकली. नवरा-बायको दोघेही सकाळच्या लोकलने मुंबईला जाणारी. संध्याकाळी दीड तास उभ्याने प्रवास करून आलेल्या बाईने पुन्हा कणीक मळायची का? या प्रश्नातून डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्रे निघाली. स्टेशनवरून घरी जाताना चार पोळ्या आणि पाव किलो भाजी घेऊन जायची. लोक याला किरकोळ गोष्ट समजतात. आमच्या मते ही एका पिढीतील बायकांची मूक क्रांती आहे. पोळी विकत आणणे हे एकेकाळी घराची अब्रू गेल्यासारखे मानले जाई. ते बदलले. शिवाय पोळ्या लाटणाऱ्या बायकांच्या हातात स्वतःचे पैसे आले.

कल्याणपासून तासाभराच्या आत भिवंडी. १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून उजाडलेले मोमीन विणकर इथे येऊन वसले आणि पुढे यंत्रमागांचे शहर उभे राहिले. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून हजारो तरुण एकटेच येतात. माग चालतो तिथेच झोपतात. त्यांना जेवू घालते ती बिस्सी. (बायकांची भिशी वेगळी, ही बिस्सी वेगळी.) महिन्याचा किंवा आठवड्याचा हिशेब, दोन वेळचे जेवण, डाळ-भात-रोटी आणि ठरल्या दिवशी गोश्त. पगार लांबला तर उधारी. परगावच्या कामगारासाठी बिस्सीवाला हा सावकार, पत्ता आणि वडीलधारा असे तिन्ही असतो. हिची पाटी नसते आणि हिच्याबद्दल वर्तमानपत्रात स्तंभ येत नाही. पण आपल्या जिल्ह्यात सर्वाधिक ताटे कुठे वाढली जातात याची मोजदाद झाली, तर बिस्सीचे नाव बरेच वर येईल, असा आमचा कयास आहे.

२०२० च्या टाळेबंदीत माग बंद झाले तेव्हा बिस्स्याही थंडावल्या. कामगार मुंबई-आग्रा रस्त्याने कसाऱ्याच्या दिशेने चालू लागले. मे महिन्याच्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला श्रमिक गाडी सुटली. त्या रस्त्यावर हिंदू, मुसलमान, शीख, ख्रिस्ती सर्वांनी खिचडीची पातेली मांडली. सरकारने त्याच वर्षी २६ जानेवारीला सुरू केलेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी त्या दिवसांत पाच रुपयांवर आणली. पायी निघालेल्या उपाशी माणसाला "कुणाचे आहे?" हे विचारायला वेळ नव्हता.

दंगली आणि वेगळी झालेली टेबले

हा इतिहास सारा गोड नाही. मे १९७० मध्ये भिवंडी पेटली. मे १९८४ मध्ये पुन्हा पेटली आणि झळ ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत गेली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे झाले त्यानंतर असंख्य मुसलमान कुटुंबांनी जुनी घरे सोडून मुंब्रा गाठले. कौसा हे जुने कोकणी मुसलमानांचे गाव, मुंब्रा हे खाडीकाठचे लहान स्थानक. पाहता पाहता तिथे एक मोठे शहर उभे राहिले.

माणसे वेगळी राहू लागली की टेबलेही वेगळी होतात. मुंब्र्याच्या बाजारात आज नहारी, खिचडा, तंदूर, शोरमा, मालपुवा सगळे मिळते. रमजानच्या रात्री तरावीहनंतर त्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. पण तिथे जेवायला येणारा ठाण्याचा किंवा डोंबिवलीचा मराठी हिंदू तरुण आठवड्यातून एकदा येतो, "भारी बिर्याणी मिळते" म्हणतो आणि निघून जातो. शेजारी राहणारा शेजारी आणि खायला येणारा पाहुणा यांत फरक आहे. शेजाऱ्याकडे वाटीभर शीरखुर्मा जातो आणि तीच वाटी दिवाळीत करंज्या घेऊन परत येते. पाहुण्याचे बिल होते.

तरीही एक उदाहरण विसरता कामा नये. १९८८ पासून भिवंडीत सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे नियमित एकत्र बसू लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना दोनदा होरपळलेली भिवंडी शांत राहिली. एकत्र बसण्याची सवय आधीपासून असेल तर ती वाईट दिवशी कामी येते. हाजी मलंगच्या डोंगरावरही हेच दिसते. दर्ग्याच्या वहिवाटीत ब्राह्मण केतकर घराणे पिढ्यान् पिढ्या आहे. त्या जागेच्या नावावरून १९८० च्या दशकापासून वाद घातले गेले. पण चढणीवरच्या दुकानांत लिंबूपाणी पिणाऱ्या भाविकांची गर्दी अजून मिसळलेलीच आहे.

हॉटेलात न गेलेले स्वयंपाकघर

आता थोडे आपल्या घरात डोकावू. आम्ही एकदा आमच्या उर्दू माध्यमाच्या वर्गात 'माझे आवडते खाणे' यावर चार ओळी लिहायला सांगितल्या. बिर्याणी, शोरमा, चायनीज, पिझ्झा, वडापाव सगळे आले. वर्गात कोकणी घरांतली बरीच मुले होती. पण अकनी कुणी लिहिली नाही, सांदण कुणी लिहिले नाही, तांदळाच्या भाकरीबरोबरचे सुके बोंबील कुणी लिहिले नाहीत. विचारल्यावर एक मुलगी म्हणाली, "सर, ते तर घरचे!"

तिचे उत्तर आम्हाला फार दिवस पुरले. ठाणे-कल्याण-भिवंडीच्या कोकणी मुसलमानाचे खाणे हे त्याच्या इतिहासाचे जिवंत दफ्तर आहे. तांदूळ, नारळ, मासळी, वाल हे कोकणचे. अकनीचे नाव अरबी-फारसी 'यखनी'शी नाते सांगणारे. खिचडा मुसलमानी मुलखाचा, भाकरी मराठी मुलखाची. ठाण्याच्या चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरातले वालाचे बिरडे आणि आपल्या घरातले वाल शेजारी ठेवले तर ते नात्यातले वाटतात. कल्याणच्या दूधनाका, घासबाजार, रेतीबंदर या मोहल्ल्यांची नावे धंद्यांवरून पडलेली आहेत. दूध, गवत, रेती. ही बंदरात आणि शेतीत राबलेल्या माणसांची वस्ती. तिचे खाणेही तसेच, कष्टाचे आणि मीठ-मिरचीचे.

पण हॉटेलाच्या पाटीवर हे खाणे चढले नाही. 'मुस्लिम हॉटेल' म्हटले की दिल्ली-लखनौचे पदार्थ. मुंबईत १९२३ पासून चालणारे नूर मोहम्मदी असो की नंतरची दरबारी नावांची हॉटेले, बहुतेकांची भाषा मुघलाईच. आणि 'मराठी हॉटेल' म्हटले की मिसळ, थालीपीठ, मालवणी थाळी. मराठी बोलणारा मुसलमान या दोन पाट्यांच्या मध्ये उभा. एका पाटीवर त्याचा धर्म आहे पण माती नाही, दुसरीवर माती आहे पण तो नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हा हेच दुखणे भाषेच्या बाबतीत मांडले गेले होते. मुसलमान म्हणजे उर्दू, मराठी म्हणजे हिंदू, ही वाटणी कुणी केली? आम्ही उर्दू शिकवतो, उर्दूवर आमचे प्रेम आहे आणि हा मजकूर मराठीत लिहितो. दोन्ही जिभा आमच्याच. मग पदार्थांच्या बाबतीत अशी वाटणी आपण मुकाट्याने का मान्य करावी?

दोष सारा बाहेरच्यांना देऊन चालणार नाही. घरचे खाणे बायकांच्या हातात राहिले आणि हॉटेलचा गल्ला पुरुषांच्या. दादी-नानीने केलेले सांदण 'घरचे' म्हणून बिनमोलाचे ठरले, म्हणजे बिनकिमतीचे! डोंबिवलीच्या बायकांनी पोळीची किंमत ठरवली, तशी आपल्या बायकांना सांदणाची किंमत ठरवू दिली असती तर चित्र वेगळे दिसले असते. अलीकडे काही घरांतून रमजानात ऑर्डरप्रमाणे पदार्थ करून देण्याची सुरुवात झाली आहे. ती वाढली पाहिजे.

तारे, नावे आणि पाट्या

आज हॉटेलाचा कौल मोबाइलवर मिळतो. पाचपैकी किती तारे, किती मिनिटांत घरपोच. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता अनोळखी माणसेही देतात. आम्हाला वाटले होते, की अशा व्यवहारात दुसरा प्रश्न आपोआप गळून पडेल. तसे झाले नाही. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने जेवण आणणारा मुसलमान आहे म्हणून ऑर्डर रद्द केली. अन्नाला धर्म नसतो, असे झोमॅटोने त्याला जाहीर उत्तर दिले. त्याच कंपनीने मार्च २०२४ मध्ये शाकाहारी जेवणासाठी हिरव्या गणवेशातील वेगळे पोहोचवणारे जाहीर केले. टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी वेगळा गणवेश मागे घ्यावा लागला. कोणत्या सोसायटीत कोणत्या रंगाच्या माणसाला फाटकावर अडवतील, ही भीती खरी होती.

जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेश आणि उत्तराखंडात कावड यात्रेच्या मार्गावरील खाद्यविक्रेत्यांनी मालकांची नावे लावावीत असे आदेश निघाले. म्हणजे "कुणाचे आहे?" हा कुजबुजीतला प्रश्न सरकारी पाटीवर आला. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला त्याला स्थगिती दिली. दुकानदारांनी कोणते अन्न आहे ते सांगावे, मालकाचे किंवा नोकरांचे नाव लावण्याची सक्ती नको. त्या सुनावणीत न्यायमूर्ती भट्टी यांनी केरळमधली आठवण सांगितली. एका गावात एक शाकाहारी हॉटेल हिंदूचे आणि दुसरे मुसलमानाचे होते. आपण मुसलमानाच्या हॉटेलात जात असू, कारण तिथली स्वच्छता वरच्या दर्जाची होती. देशाच्या सर्वोच्च न्यायासनावर बसलेल्या माणसाने हॉटेलाबद्दल दिलेला तो अभिप्रायच होता. त्यात पहिला प्रश्न पहिल्या जागी होता.

आपल्या घराजवळही हा विषय आहे. कल्याण-डोंबिवली महापालिकेने १५ ऑगस्ट २०२५ रोजी मांसविक्री बंद ठेवण्याचा आदेश काढला आणि त्यासाठी १९८८ च्या ठरावाचा आधार दिला. त्यावर राज्यभर वाद झाला. गंमत म्हणजे विरोध करणाऱ्यांत केवळ मुसलमान नव्हते. आगरी, कोळी, मराठा, दलित अशा मांसाहारी मराठी घरांतूनही प्रश्न आला, की स्वातंत्र्यदिनी आमच्या ताटात काय असावे हे दुसऱ्याने का ठरवावे? आपण एकटे नाही, हे त्या दिवशी दिसले.

हलालचे काय, असे काही वाचक विचारतील. बरोबर आहे. मुसलमानाला आपल्या ताटातले मांस हलाल आहे का हे विचारण्याचा हक्क आहे, जसा जैनाला कांदा आहे का हे विचारण्याचा. पण हा प्रश्न पदार्थाविषयीचा आहे, माणसाविषयीचा नाही. "यात काय आहे?" असे विचारणे म्हणजे श्रद्धा. "हे करणारा कोण आहे?" म्हणून ताट सरकवणे म्हणजे शिवाशीव, मग ती कुणीही पाळो. आपल्यातलेही काही जण शेजाऱ्याकडचा प्रसाद सोडा, साधा चहासुद्धा टाळू लागले आहेत. ज्यांच्या वाडवडिलांनी फलाटावर दोन घागरी पाहिल्या, त्यांनी तिसरी घागर भरू नये.

या साऱ्या इतिहासातून आम्हाला दोन कामे दिसतात. पहिले लिहिण्याचे. आपल्या घरातील म्हाताऱ्या बायका आहेत तोवर अकनी, सांदण आणि भाकरीबरोबरचे सालन कागदावर उतरवले पाहिजे, मापासकट आणि गोष्टींसकट. मोहल्ल्यातले जुने चहावाले, नानबाई, बिस्सीवाले यांच्या आठवणी शाळेतल्या मुलांकरवी गोळा करता येतील. आम्ही आमच्या वर्गापुरती सुरुवात केली आहे. मुले पहिल्यांदा लाजली, आता वह्या भरून आणतात. दुसरे काम बोलण्याचे. कुणी आपल्याला एखाद्या हॉटेलाबद्दल विचारले तर रस्सा कसा आहे, भांडी स्वच्छ आहेत का, पोऱ्याला वेळेवर पगार मिळतो का, हे जरूर सांगावे. मालकाचे नाव त्याने विचारले तर तेही सांगावे, पण सर्वांत शेवटी, बिल चुकते झाल्यावर.